दूरचित्रवाणीचा आवाज : जोडणी कोणती निवडावी?

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा दूरचित्रवाणी संच म्हणजे एक भलीमोठी पेटी असे. तिचे चित्र काळेपांढरे होते, ती खोलीतील बरीच जागा अडवी. परंतु तिच्या पोटात लाउडस्पीकरला पुरेशी जागा होती. आजचा संच पाटीसारखा सपाट झाला आहे. चित्र मोठे झाले, स्वच्छ झाले, रंगीत झाले. आवाज मात्र क्षीण झाला. याचे कारण उघड आहे. तबल्याच्या डग्ग्यासारखे खालचे स्वर उमटविण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. त्याकरिता लाउडस्पीकरचा शंकू मोठा हवा आणि त्याच्यामागे पोकळी हवी. दोन बोटे जाडीच्या संचात ती कोठून येणार? शिवाय पडद्याभोवतीची रुंद चौकट नाहीशी झाल्यामुळे लाउडस्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसविलेले असतात. आवाज टेबलावर किंवा भिंतीवर आदळून मग ऐकणाऱ्याकडे येतो.

याचा त्रास सर्वांत आधी होतो तो घरातील वृद्ध माणसांना. वय वाढते तशी उंच स्वर ऐकण्याची शक्ती प्रथम कमी होते. आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने ओळखण्याचा आधार या उंच स्वरांतच असतो. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. बेळगावच्या काय किंवा बडोद्याच्या काय, कोणत्याही घरात हा प्रसंग घडतो. आजोबा आवाज वाढवावयास सांगतात. शेजारच्या खोलीत अभ्यास करणारी नात कुरकुर करते. आणि काही दिवसांनी बातम्यांच्या वेळी आजोबा मुकाट्याने बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागतात. मग मुलगा बाजारातून साउंडबार आणतो, किंवा माळ्यावर ठेवलेला जुना ॲम्प्लिफायर व त्याच्या दोन लाकडी पेट्या खाली काढतो. येथवर सर्व ठीक होते. अडते ते पुढे : या दोहोंना जोडावयाचे कशाने?

दुकानात विचारले तर सर्वांत महागडी केबल पुढे केली जाते. वस्तुतः किमतीचा प्रश्न नंतरचा आहे. आवाज कोणत्या रूपाने बाहेर पडतो आणि तो घेणाऱ्या यंत्राला कोणते रूप कळते, हा खरा प्रश्न होय. तेवढे समजले की निवड आपोआप होते.

तारेतून आवाज दोन रूपांनी जातो. पहिले रूप ॲनालॉग. यात आवाजाच्या लहरीबरहुकूम कमीअधिक होणारा विजेचा प्रवाहच तारेतून वाहतो. पाटाने पाणी न्यावे तसा हा प्रकार आहे. वाटेत थोडे झिरपावयाचे, थोडा गाळ मिसळावयाचा. दुसरे रूप डिजिटल. यात लहर स्वतः प्रवास करीत नाही. तिची मोजमापे आकड्यांनी पाठविली जातात. पूर्वीच्या मनीऑर्डरीत प्रत्यक्ष नोटा एका गावाहून दुसऱ्या गावी जात नसत. रकमेचा आकडा जाई, आणि तिकडचा पोस्टमन त्या आकड्याइतके पैसे हाती देई. तसेच हे आहे. आकडा बरोबर पोचला की रक्कम पूर्ण मिळते. म्हणूनच डिजिटल केबल आपले काम नीट करीत असेल, तर तिच्याऐवजी दसपट किमतीची केबल लावून आवाज अधिक गोड होत नाही.

आता संचाच्या मागे जाऊन तेथील अक्षरे वाचली पाहिजेत. साधारणतः चार मार्ग आढळतात.

पहिला मार्ग एच.डी.एम.आय. ए.आर.सी. चा. एच.डी.एम.आय. केबलने सेट-टॉप बॉक्सचे चित्र व आवाज संचात येतात, हे सर्वांना माहीत आहे. २००९ साली या पद्धतीत एक सोय करण्यात आली. संचाचा आवाज त्याच केबलने उलट दिशेने, म्हणजे साउंडबारकडे परत पाठविता येऊ लागला. हीच ए.आर.सी. होय. या मार्गाचा मोठा लाभ असा की, एका रिमोटने दोन्ही यंत्रे चालतात. संच लावला की साउंडबार जागा होतो, आणि संचाच्या रिमोटनेच आवाज कमीजास्त करता येतो. वृद्ध माणसाच्या हातात दोन रिमोट द्यावे लागत नाहीत, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र संचावरील प्रत्येक एच.डी.एम.आय. सॉकेटमध्ये ही सोय नसते. बहुधा ती एकाच सॉकेटला असते आणि त्यावर ‘ए.आर.सी.’ अशी अक्षरे छापलेली असतात. साउंडबारच्या बाजूलाही तशीच खूण असलेले सॉकेट निवडावे लागते. २०१७ सालच्या नव्या नियमांबरोबर ई.ए.आर.सी. ही सुधारित सोय आली. तिच्यातून सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत माहिती जाऊ शकते, आणि खोलीभर आठ लाउडस्पीकर मांडणाऱ्याला दाबून लहान न केलेला संपूर्ण आवाज मिळतो. बातम्या, नाटके व गाणी ऐकणाऱ्या घराला साधी ए.आर.सी. पुरेशी आहे.

दुसरा मार्ग ऑप्टिकल. १९८३ साली तोशिबा कंपनीने हा जोड प्रचारात आणला. यात तांब्याच्या तारेऐवजी प्लॅस्टिकचा बारीक तंतू असतो आणि त्यातून तांबड्या प्रकाशाच्या उघडझापीने आकडे जातात. दोन लाउडस्पीकरांचा संपूर्ण आवाज, किंवा पाच लाउडस्पीकरांचा दाबून लहान केलेला आवाज, एवढी त्याची शक्ती आहे. संचाला किंवा साउंडबारला ए.आर.सी. नसेल, अथवा ती असूनही हट्टीपणा करीत असेल, तर ऑप्टिकलसारखा भरवशाचा मार्ग नाही. त्याचा आणखी एक गुण आहे. पुष्कळ घरांत केबल टी.व्ही.ची तार जोडली की लाउडस्पीकरमधून सतत ‘घूं’ असा आवाज येत राहतो. दोन यंत्रांच्या अर्थिंगमधील फरकामुळे तारेतून नको तो प्रवाह वाहतो, त्याचा हा परिणाम. प्रकाशाच्या तंतूतून वीज वाहतच नाही. त्यामुळे या मार्गाने तो घुंघाट आत शिरत नाही. ही केबल लावताना मात्र टोकावरची छोटी टोपणे काढण्यास विसरू नये, आणि ती काटकोनात दुमडू नये. तंतू मोडला की आवाज बंद.

तिसरा मार्ग ॲनालॉगचा. तांबडी आणि पांढरी अशी जोडटोके असलेली केबल अनेकांच्या ओळखीची आहे. तांबडे टोक उजव्या बाजूचे, पांढरे डाव्या बाजूचे. हा मार्ग जुना म्हणून टाकाऊ समजण्याचे कारण नाही. माळ्यावरून काढलेल्या ॲम्प्लिफायरला आकड्यांची भाषा कळतच नाही. त्याला हीच जोडणी हवी. लांबी थोडी असेल तर दोन पेट्यांवरचा आवाज उत्तम लागतो. येथे दोन गोष्टी जपाव्या. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ असे लिहिलेले सॉकेट असेल, तर त्यात संचाची केबल कधीही घालू नये. ते तबकडीच्या सुईतून येणाऱ्या अतिशय दुबळ्या प्रवाहासाठी असते. तेथे संचाचा प्रवाह गेला की आवाज फाटतो. ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘ट्यूनर’ लिहिलेले सॉकेट वापरावे. दुसरे असे की, संचावर केवळ हेडफोनचे छिद्र असेल तर त्यातूनही काम चालते. पण बहुधा तेथील आवाज संचाच्या रिमोटने बदलतो, म्हणून दोन्ही यंत्रांची पातळी एकदा बेताची ठरवून घ्यावी.

नव्या संचांत तांबडी-पांढरी सॉकेटे बाहेर आवाज देण्यासाठी क्वचितच असतात. बहुधा ती आवाज आत घेण्यासाठी असतात. केबल घट्ट बसते आणि आवाज मात्र येत नाही, याचे हे एक नेहमीचे कारण. अशा वेळी ऑप्टिकलमधून येणारे आकडे पुन्हा लहरीत बदलून देणारा एक छोटा डबा मिळतो. त्याला बाजारात कन्व्हर्टर किंवा डॅक म्हणतात. तो मध्ये बसविला की जुना ॲम्प्लिफायर नव्या संचाशी बोलू लागतो आणि चांगल्या लाकडी पेट्या भंगारात जाण्यापासून वाचतात.

चौथा मार्ग बिनतारी, म्हणजे ब्लूटूथचा. तार नको, खटपट नको, म्हणून तो प्रथम मोहात पाडतो. परंतु आवाज दाबणे, पाठविणे आणि पुन्हा उलगडणे यांत वेळ जातो. साध्या ब्लूटूथमध्ये हा विलंब सेकंदाच्या दशांशापासून पंचमांशापर्यंत, कधी त्याहूनही अधिक असतो. नदीच्या पैलतीरावर धोबी कपडा आपटताना आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. तसेच काहीसे पडद्यावर होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या मागे सुमारे १२५ सहस्रांश सेकंद पडला, किंवा पुढे ४५ सहस्रांश सेकंद गेला, की तो फरक प्रेक्षकाला जाणवू लागतो. ज्याला कमी ऐकू येते तो माणूस नकळत बोलणाऱ्याच्या ओठांचा आधार घेत असतो. ओठ आणि शब्द यांची फारकत झाली की त्याचा तो आधारही तुटतो. काही संच चित्र थोडे थांबवून हा मेळ घालतात. तथापि ज्याच्यासाठी ही सारी खटपट करावयाची, त्याच्याकरिता तारेची जोडणीच बरी. केवळ गाणी ऐकावयाची असतील तर ब्लूटूथला हरकत नाही.

केबल जोडली म्हणजे काम संपले, असेही नव्हे. पुष्कळदा दोष केबलचा नसून मांडणीचा असतो. संचाच्या ‘सेटिंग’मध्ये जाऊन आवाज बाहेरच्या यंत्राकडे वळवावा लागतो आणि संचाचे अंगचे लाउडस्पीकर बंद करावे लागतात, दोन्ही चालू राहिले तर शब्द घुमल्यासारखे येतात. ए.आर.सी. साठी ‘सी.ई.सी.’ ही सोयही चालू असावी लागते. प्रत्येक कंपनीने तिला निराळे नाव दिलेले असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संच डॉल्बी पद्धतीने दाबलेला आवाज पाठवीत असेल आणि पलीकडच्या डब्याला तो उलगडता येत नसेल, तर पूर्ण शांतता पसरते किंवा नुसती खरखर ऐकू येते. लोक केबल बदलतात, डबा परत करतात. खरे पाहता संचातील डिजिटल आवाजाची निवड ‘पी.सी.एम.’ वर आणली की आवाज तात्काळ येतो.

तेव्हा क्रम असा धरावा. दोन्ही यंत्रांवर ए.आर.सी. असेल तर ती. नसेल तर ऑप्टिकल. जुना ॲम्प्लिफायर असेल तर तांबडी-पांढरी जोडणी, आणि गरज पडल्यास मध्ये कन्व्हर्टर. तार नेणे अशक्यच असेल तर ब्लूटूथ. खरेदीला जाण्यापूर्वी दोन्ही यंत्रांच्या मागची अक्षरे कागदावर टिपून न्यावी. त्यामुळे नको त्या केबलचा खर्च वाचतो.

शेवटची परीक्षा मात्र तरुण कानांनी करू नये. ज्याला ऐकू येत नव्हते त्यालाच त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसवावे, बातम्या लावाव्या, आणि आवाज वाढविण्याऐवजी साउंडबारमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय असेल तर ती प्रथम वापरून पाहावी. निवेदकाचे वाक्य संपल्यावर, काय म्हणाला, हे त्यांना विचारावे. उत्तर बरोबर आले तर जोडणी योग्य झाली असे समजावे. एवढे करूनही शब्द कळत नसतील, तर उपाय केबलपाशी नसून कानाच्या डॉक्टरांपाशी आहे, आणि तेथे जाण्यास उशीर करू नये. जोडणी कोणतीही असो, ओट्यावर जाऊन बसलेले आजोबा पुन्हा सर्वांच्यात येऊन बसले, म्हणजे ती साधली.