माळावरचा पाहुणा

कॅनडा देशाच्या आल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स नावाचे एक गाव आहे. तेथील मूळ रहिवासी ब्लॅकफुट लोक होत. त्यांच्या भाषेतील ‘खडक’ या अर्थाच्या शब्दावरून गावाला हे नाव मिळाले. तो खडक गावाच्या पश्चिमेस, गवताळ माळावर आजही उभा आहे. त्याची उंची ९ मीटर, लांबी ४१ मीटर आणि वजन सुमारे १६,५०० टन आहे! आसपास त्याच्या तोलाचा दुसरा दगड नाही. मग हा पाहुणा आला कोठून? आणि तो मधोमध दुभंगला कसा?

ब्लॅकफुट लोक याची एक कथा सांगतात. नापी नावाचा एक अद्भुत पुरुष उन्हाने दमून या खडकावर विसावला. कृतज्ञतेने त्याने आपले कातड्याचे पांघरूण खडकाला देऊन टाकले. थोड्याच वेळाने पाऊस आला. नापीने पांघरूण परत मागितले. खडक म्हणाला, “दिलेले दान परत घेऊ नये.” तेव्हा नापीने ते हिसकावून पळ काढला. पाहतो तो काय, खडक गडगडत त्याच्या पाठीस लागला! रानबैल, हरणे धावून आली. पण खडक थांबेना. अखेर वटवाघळांनी त्यावर धडकामागून धडका दिल्या. खडक दुभंगला आणि वटवाघळांची तोंडे मात्र कायमची चपटी झाली.

भूगर्भशास्त्रज्ञ दुसरी हकिकत सांगतात. शेवटच्या हिमयुगात, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, रॉकी पर्वतात आजच्या जॅस्पर गावाच्या परिसरात मोठी दरड कोसळली. तिचे दगड खालच्या हिमनदीच्या पाठीवर पडले. हिमनदी म्हणजे अतिशय संथपणे सरकणारा बर्फाचा प्रचंड प्रवाह. तो पर्वतातून बाहेर पडला, तेव्हा पूर्वेकडून आलेल्या विशाल हिमस्तराने त्याला दक्षिणेकडे वळविले. अशा रीतीने या दगडांनी शेकडो किलोमीटर प्रवास केला. पुढे बर्फ वितळले आणि दगड जेथल्या तेथे राहिले. पर्वताच्या पायथ्याशी अशा हजारो दगडांची लांबच लांब रांग आढळते. हा खडक त्यांतील सर्वांत मोठा. बर्फाच्या पाठीवर बसून आल्यामुळे तो घासला गेला नाही. म्हणून त्याच्या कडा अजून धारदार आहेत. भेगांत शिरलेले पाणी गोठले की फुगते. त्या दाबाने कठीण खडकही हळूहळू फुटतो.

खडकावर तांबड्या गेरूने काढलेली प्राचीन चित्रे आहेत. ती पुसली जाऊ नयेत, म्हणून त्यावर चढू नये अशी प्रवाशांना विनंती केलेली असते.

हा खडक येथला नव्हे, तो दुरून आला, हे कथा सांगते आणि शास्त्रही सांगते. शास्त्राने त्याची वाट शोधून दाखविली; आणि दिलेला शब्द मोडू नये, ही शिकवण कथेने जपून ठेविली.