दुष्फेन पाणी आणि आपलें घर



मुंबईस राहणारा एखादा गृहस्थ बुलढाणा जिल्ह्यांत अमडापूरला आप्तांकडे जातो. सकाळीं न्हाणीघरांत तो अंगाला साबण लावूं लागतो, परंतु कांहीं केल्या फेस येत नाहीं. वडी झिजते, अंगावर एक चिकट पुट मात्र चढतें. तो साबणाला दोष देतो, तेव्हां घरची गृहिणी हसून म्हणते, "भावजी, साबण चांगलाच आहे, आमचं पाणीच जड आहे."

तिचें निदान अचूक आहे. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा जलाशयांचें, म्हणजे बहुतांशीं पावसाचेंच सांठविलेलें पाणी येतें. अमडापूर हें बल्लाळदेवीमुळें प्रसिद्ध असलेलें चिखली तालुक्यांतील गांव दख्खनच्या काळ्या खडकावर वसलेलें आहे. या भागांत विहिरींचें किंवा विंधण-विहिरींचें पाणी जेथें नळांत सोडलें जातें, तेथें तें खडकाचा गुण घेऊनच घरांत शिरतें.

हा गुण येतो कसा? पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना तेथील कर्बवायु शोषून घेतें आणि किंचित् आम्ल बनतें. असें पाणी खडकांच्या भेगांतून महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें, फिरत राहिलें म्हणजे त्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवून आपल्याबरोबर आणतें. वऱ्हाडांतील शेतकऱ्यास काळ्या जमिनींत सांपडणारे पांढरे चुनखडीचे खडे परिचित आहेत. असे खडे भाजून पूर्वीं बांधकामाचा चुना करीत. तोच चुना अदृश्य रूपानें आपल्या हंड्यांत येतो, एवढेंच. लोक अशा पाण्यास जड पाणी म्हणतात. शास्त्रीय पुस्तकांत त्याचें नांव दुष्फेन, म्हणजे ज्यास फेस येणें कठीण असें, आणि हें नांव मोठें समर्पक आहे.

साबण किती वायां जातो, याचा हिशेब मांडून पाहूं. समजा, पाण्याची दुष्फेनता लिटरमागें ३०० मिलिग्रॅम आहे. तर पंधरा लिटरच्या बादलींतील चुना शांत होण्यासच रसायनशास्त्राप्रमाणें सुमारें २७ ग्रॅम शुद्ध साबण खर्ची पडतो. तोंवर फेस नाहीं; कपड्यांवर बसणारी करडी मळी तेवढी तयार होते. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीचा चौथा हिस्सा एका बादलीनें गिळला, आणि धुणें अद्याप सुरूंच व्हावयाचें आहे! उलट त्याच बादलींत धुण्याच्या सोड्याची पूड पांच ग्रॅम, म्हणजे लहानसा चमचाभर, आधीं विरघळविली आणि पाणी कांहीं तास स्वस्थ ठेवलें, तर चुना तळाशीं बसतो आणि तो साबण वांचतो. आपल्या आजीबाई शिकेकाईनें नि रिठ्यानें न्हात असत, त्यांस ही अडचण जाणवली नाहीं. कारण रिठ्याचा फेस चुन्याबरोबर मळी करीत नाहीं.

योगायोग असा कीं, रोग आणि औषध दोन्ही याच जिल्ह्यांत आहेत. लोणारच्या सरोवराचें पाणी ज्या क्षारामुळें विख्यात झालें, तो मुख्यत्वें सोडाच. साबण आणि काच करण्यास लागणारे पदार्थ या बाजूस मिळतात, अशी नोंद ऐने-अकबरींतही आहे. आतां तें सरोवर संरक्षित असून २०२० सालीं रामसर यादींत त्याचा समावेश झाला आहे. तेव्हां सोडा बाजारांतूनच आणावा.

स्वयंपाकघरांत या पाण्याचा खरा त्रास तुरीच्या डाळीला, म्हणजे पर्यायानें गृहिणीला होतो. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा जो पदार्थ, त्याच्याशीं कॅल्शियमचा संयोग होऊन तो घट्ट होतो. डाळ तासभर उकळते, पण मेण होत नाहीं. सासूबाई डाळ जुनी म्हणून वाण्यावर रागावतात. दोष अनेकदां पाण्याचा असतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर ती शिजते खरी, परंतु सोड्यानें डाळींतील ब जीवनसत्त्वाचा कांहीं भाग नष्ट होतो. त्यापेक्षां पाणी आदल्या रात्रीं चांगलें उकळून ठेवावें, आणि सकाळीं वरचें निवळ पाणी हलक्या हातानें निथळून घ्यावें. उकळल्यानें चुन्याचा जो भाग खालीं बसतो तो तेवढ्यानें जातो. चिंच, आमसूल, टोमॅटो हे पदार्थ डाळ शिजल्यावरच घालावेत. आंबटानें ती आणखी अडून बसते. चहावर येणारी मळकट साय, बंबाच्या किंवा विजेच्या हीटरच्या आंत धरणारी पांढरी खपली, हीं याच कुळांतलीं. ही खपली उष्णता सहज जाऊं देत नाहीं, म्हणून इंधन वा वीज अधिक लागते. लिंबाच्या सत्त्वाचें पाणी तिच्यावर कांहीं वेळ ठेवलें म्हणजे ती सुटते. तुरटी फिरविल्यानें गढूळ पाणी निवळतें. दुष्फेनता मात्र जात नाहीं. हा गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो.

आतां प्रश्न पिण्याचा. हें पाणी पिण्यास घातक आहे काय? भारतीय मानकाप्रमाणें दुष्फेनता लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, आणि दुसरें पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेनें तिच्यासाठीं आरोग्याच्या दृष्टीनें कोणतीही मर्यादा घातलेली नाहीं. मूतखड्याचें खापर या पाण्यावर फोडण्याची रीत आहे, परंतु तसें निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं. उन्हाळ्यांत पाणी कमी पिणें हें मात्र त्याचें एक कारण आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यांत, संग्रामपूर-शेगांवकडे, जो खारपाण पट्टा आहे, तेथील गोष्ट निराळी. तेथें पाणी मिठानेंच खारट होतें, आणि सोड्यानें वा उकळण्यानें तें सुधारत नाहीं.

माझी तक्रार वेगळीच आहे. भांड्यावरील पांढरा डाग दिसतो, म्हणून आपण घाबरतों आणि हजारों रुपयांचें यंत्र भिंतीवर टांगतों. तें 'आर. ओ.' यंत्र एक लिटर पाणी देतांना अनेकदां दोन-तीन लिटर मोरींत सोडतें. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गांवांत ही चैन कशी परवडावी? उलट नायट्रेटला ना रंग, ना चव, ना डाग. उकिरडा, शौचकूप किंवा खताचें शेत विहिरीजवळ असलें कीं तें पाण्यांत उतरतें, आणि लिटरमागें ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलें कीं तान्ह्या मुलांच्या रक्तावर त्याचा अनिष्ट परिणाम होऊं शकतो. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं, आटल्यामुळें उलट दाट होतें. फ्लोराइडचेंही तसेंच. गोड लागणारें पाणी म्हणूनच निर्धोक नसतें, आणि जड पाणी जड आहे म्हणून विषारी नसतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेंत प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांना पाणी तपासण्याचें शिक्षण द्यावें, अशी तरतूद आहे. तपासणीच्या पेटींत दुष्फेनता, नायट्रेट, फ्लोराइड यांची साधी परीक्षा होते. ग्रामपंचायतींत जाऊन आपल्या नळाचे आंकडे मागावेत. यंत्र घ्यावयाचें कीं नाहीं, तें त्यानंतर ठरवावें.

अमडापूरसारख्या गांवीं, किंवा विंधण-विहिरीवर अवलंबून असलेल्या पुण्याच्या एखाद्या नव्या वसाहतींतही, आणखी एक उपाय हाताशीं आहे. पावसाच्या पाण्यांत चुना जवळजवळ नसतोच. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला कीं पांच हजार लिटर पाणी होतें. पहिल्या एक-दोन सरींचें छपराची धूळ वाहून नेणारें पाणी सोडून द्यावें, पुढचें फडक्यांतून गाळून झांकलेल्या टांकींत घ्यावें, आणि धुण्यासाठीं व डाळीसाठीं वापरावें. डाळ शिजतांना तें उकळतेंच. पिण्यास मात्र तें निर्जंतुक केल्याशिवाय घेऊं नये.