वळणावर ट्रॉली का उलटते?

दिवाळी सरली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. तोडणी मजुरांच्या टोळ्या फडात उतरतात आणि रात्रंदिवस रस्त्यावर उसाची वाहनं दिसू लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यात शिगोशिग रचलेला ऊस. मग हंगामात कुठल्या तरी वळणावर एखादी ट्रॉली आडवी होते. कधी शेजारून जाणारा दुचाकीवाला उसाखाली सापडतो, कधी वर बसून मुक्कामाला निघालेलं तोडकऱ्याचं कुटुंब. लोक हळहळतात, "वेळच आली होती," म्हणतात. पण यात वेळेपेक्षा वेगाचा आणि उंचीचा हिशेब मोठा असतो. तो समजला तर पुष्कळ अपघात टळतील.

गोफणीचा धडा

ज्वारीची राखण करताना आपण गोफण फिरवतो. दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत हाताकडे ओढत असते. शाळेच्या पुस्तकात यालाच अभिकेंद्री बल म्हणतात. एक पदर सोडला की दगड सुटतो, आणि सुटतो तो सरळ रेषेत. त्याला बाहेर कोणी ढकलत नाही, आत ओढणारी दोरी तेवढी सुटलेली असते. हलती वस्तू आपणहून सरळच जाते, तिला वळवायला जोर लागतो, हा नियम न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडला.

ट्रॉलीचंही तसंच आहे. तिला सरळ जायचं असतं. तिला आत वळवणारी दोरी म्हणजे टायर आणि रस्ता यांची पकड. गोम इथंच आहे. ही ओढ लागते खाली, जमिनीलगत, आणि उसाचं ओझं असतं वर. पाय आत ओढले जातात, धड मात्र सरळ जाऊ पाहतं. आधी वळणाच्या आतल्या बाजूचं चाक उचलतं आणि ट्रॉली बाहेरच्या अंगाला कलंडते. एस.टी. वळली की आपण बाहेरच्या बाजूला रेलतो, तोच हा प्रकार.

वेग दुप्पट, जोर चौपट

वळायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी २० किलोमीटरऐवजी ४० ने वळण घेतलं तर दुप्पट नव्हे, चौपट जोर लागतो. ३० ने घेतलं तरी तो सव्वादोन पट होतो. "थोडीच जोरात होती," असं सांगणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो. वळण जितकं आखूड, तितका जोर आणखी जास्त.

एक उदाहरण घेऊ. वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि ट्रॉलीच्या दोन चाकांमधलं अंतर १.७ मीटर धरा. ओझ्याचा मध्य जमिनीपासून २ मीटरवर असेल, तर सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ती उलटते. तोच मध्य १ मीटरवर आणला, तर उलटायला ५७ च्या पुढे वेग लागतो. हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात ऊस एका अंगाला सरकतो, टायर दबतात, चाक खड्ड्यात जातं, म्हणून ट्रॉली याहून कमी वेगालाही उलटते.

म्हणजे उलटण्यात नुसत्या वजनापेक्षा ओझ्याची उंची महत्त्वाची. कडब्याची गाडी हलकी असूनही उलटते, ती याचमुळे.

वळणावर रस्त्याची बाहेरची कड थोडी उंच ठेवतात, ती आत वळायला मदत म्हणूनच. पण हा उतार फार वाढवता येत नाही, कारण हळू जाणारं उंच वाहन मग आतल्या बाजूला कलंडेल. म्हणून रस्त्यावर सगळा भार टाकून भागत नाही.

दोन ट्रॉल्या असल्या की आणखी एक भानगड. मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून न जाता वळणाच्या आतल्या बाजूने जाते. ट्रॅक्टर डांबरावर असतो आणि मागचं चाक साईडपट्टीवरून खाली उतरतं. चालकाला कळेपर्यंत ट्रॉली डोलायला लागलेली असते.

एवढं पाळाच

वेग वळणाआधी कमी करा, वळणात शिरल्यावर कचकन ब्रेक दाबू नका. एक खेप वाचवायला थरावर थर चढवू नका. ऊस दोन्ही बाजूंना सारखा भरा आणि आवळून बांधा. भरलेल्या ट्रॉलीवर माणसं, विशेषतः लेकरं, बसवू नका. दुचाकीवाल्यांनी वळणावर ट्रॉलीच्या बाजूने घुसू नये, बाहेरच्या अंगाने तर मुळीच नाही.

गंमत अशी, की हाच ऊस कारखान्यात पोचला की पुन्हा गोल फिरण्याचीच विद्या कामाला येते. सेंट्रिफ्युगल यंत्राच्या जाळीदार पिंपात साखरेचा राब गरगर फिरवतात. दाणे जाळीला अडून आत राहतात, मळी भोकांतून बाहेर पडते. तिथं हा जोर माणसाच्या ताब्यात असतो. वळणावर तो ताब्यात ठेवायचा, तर चालकाने पाय आवरायला हवा आणि भरणाऱ्याने हात.