मेथीची जुडी आणि हजार तुकडे

घरच्यांशी दिवसभरात तुमचं किती बोलणं होतं? एकदा मोजून बघा. 'जेवलीस का?', 'यायला किती वाजतील?', 'माझा चार्जर कुणी घेतला?' बहुतेकांची यादी इथेच संपते. भांडण नसतं, अबोलाही नसतो, फक्त विषय नसतो. आणि कुणी मुद्दाम 'बस जरा, बोलायचंय' म्हटलं की पोटात गोळाच येतो. कारण आपल्याकडे असं बसवून बोलतात ते एकतर निकाल लागल्यावर, नाहीतर लग्नाचं बघायला लागल्यावर!

यावर एक साधासा उपाय आहे, जिगसॉ पझल. लहानपणी खेळलेलं चोवीस तुकड्यांचं कार्टूनवालं नाही हं. पाचशे किंवा हजार तुकड्यांचं, सगळ्या घरानं मिळून लावायचं.

हा खेळ तसा बराच जुना. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या, नकाशे कोरणाऱ्या कारागिरानं एक नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून तो कापला. मुलांनी भूगोल शिकावा, एवढाच हेतू. 'जिगसॉ' हे करवतीचं नाव त्याला बऱ्याच नंतर चिकटलं. १९३३मध्ये अमेरिकेत महामंदी होती, हाताला काम नव्हतं. तेव्हा पुठ्ठ्याची स्वस्त पझल्स आठवड्याला एक कोटीच्या घरात खपत होती. काही ग्रंथालयांतून तर ती पुस्तकांसारखी घरी न्यायला मिळायची. २०२०च्या लॉकडाऊनमध्येही अनेक देशांत पझल्सचा तुटवडा झाला. म्हणजे खिसा रिकामा झाला किंवा दार बंद झालं, की माणसं तुकडे जोडायला बसतात.

पण यात गप्पा कुठून आल्या? आजीला विचारा. तिच्या वेळी घरातल्या अर्ध्या गोष्टी मेथी निवडताना, शेंगा सोलताना, पापड लाटताना बोलल्या जायच्या. हात कामात, नजर खाली. त्यामुळे अवघड गोष्टही सहज तोंडातून निघायची आणि मध्येच गप्प बसलं तरी विचित्र वाटायचं नाही. आता मेथी निवडूनच येते, पापड पाकिटातून येतात. सोय झाली, पण ती बैठक मोडली. पझल ती बैठक परत मांडतं. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. बाबांना तुमच्यापेक्षा जास्त येत नाही आणि तुम्हाला बाबांपेक्षा. पाच मिनिटं बसा, उठून जा, पुन्हा या. कुणाची हरकत नसते.

आमच्या घरचंच सांगते. मी मास कॉमला प्रवेश घेतल्यापासून बाबांनी तो विषयच टाकला होता. फी वेळेवर भरायचे, पण कोर्सचं नाव काढायचे नाहीत. गेल्या मे महिन्यात आम्ही जर्मनीतल्या न्यूश्वानस्टाइनचं हजार तुकड्यांचं चित्र लावायला घेतलं. आजीनं खोक्यावरचा फोटो बघून पहिलाच प्रश्न टाकला, "हा कसला किल्ला? तोफा कुठे ठेवायच्या याच्यात?" तिचं बरोबरच होतं. राजा दुसऱ्या लुडविगनं १८६९मध्ये तो बांधायला घेतला तो राहण्यासाठी, लढण्यासाठी नाही.

चौथ्या रात्री बुरुजाचे तुकडे शोधता शोधता, मान वर न करता बाबा म्हणाले, "तुमच्या त्या लाइनीत नोकरी टिकते का गं?" तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मत न सांगता प्रश्न विचारला होता. समोर बसवून विचारला असता तर मी फणकारले असते. पण माझेही डोळे बोर्डावरच होते. "सगळ्यांची नाही टिकत," मी खरं ते सांगितलं. "हं." थोड्या वेळानं, "आणि नाही टिकली तर?" त्या रात्री आम्ही दीड तास बोललो. त्यांना पटलं असं नाही. मी बँकेची परीक्षा द्यावी असं त्यांना अजूनही वाटतं. पण आता तो विषय घरात काढता येतो.

आता करायचं कसं ते सांगते. पहिलाच प्रश्न जागेचा. हजार तुकड्यांचं चित्र साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं होतं. जेवायचं टेबल अडवलंत तर पहिल्याच दिवशी आईचा ओरडा ठरलेला. त्यापेक्षा माळ्यावरचा कॅरम बोर्ड काढा. मोठ्या बोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस असते, चित्र आरामात मावतं. कडेच्या पट्टीमुळे तुकडे सांडत नाहीत आणि रात्री अख्खा बोर्ड पलंगाखाली सरकवता येतो. फक्त पॉकेटं आधी बंद करा, नाहीतर तुकडे तिथून गायब!

सगळे तुकडे सुलटे केले की आधी कडेचे वेगळे काढा. ४० बाय २५ अशा कापलेल्या पझलमध्ये ते फक्त १२६ असतात. मग रंगांप्रमाणे वाटे घाला. आकाश शेवटी लावा. तिथे सगळंच निळं असतं, त्यामुळे रंग सोडून कान आणि खाचा बघायच्या. पहिल्यांदाच करत असाल तर पाचशेचं घ्या. चौघांनी मल्टिप्लेक्सला जाण्याच्या खर्चात साधा सेट येतो. घाई मात्र करू नका. स्पेनमध्ये २०१९पासून जिगसॉची जागतिक स्पर्धा भरते, तिथले तरबेज लोक पाचशे तुकडे तासाच्या आत लावतात. आपल्याला तर आठवडाभर पुरवायचंय! आणि शेवटचा तुकडा खिशात लपवणारा एक महाभाग प्रत्येक घरात निघतोच. आमच्याकडे ती आजी आहे.

चित्र पूर्ण झालं की फ्रेम करून भिंतीवर टांगू नका. मोडा, खोक्यात भरा आणि कॉलेजमधल्या कुणाच्या तरी सेटशी अदलाबदल करा.

येत्या रविवारी बोर्ड मांडून एकटेच बसा. कुणाला हाका मारू नका. थोड्या वेळानं चहाचा कप घेऊन कुणीतरी मागे येऊन उभं राहील आणि विचारेल, "तो इथे नाही का बसत?" तेव्हा फक्त थोडं सरकून जागा द्या.