डॉक्युमेंटेशनचं पान हलकं कसं ठेवायचं?

आजचा विषय डॉक्युमेंटेशन. कंटाळवाणा वाटतोय ना? पण समजा, रात्रीचे दोन वाजलेत, सर्व्हरची डिस्क भरलीये, ऑन-कॉल तुम्हीच आहात आणि समोर लांबलचक पान उघडलंय. तेव्हा प्रोजेक्टचा इतिहास कोणाला हवाय? कुठली फाइल उडवली तर चालेल आणि कुठल्या फाइलला हात लावायचा नाही, एवढंच हवं असतं. चुकीची ओळ कॉपी झाली, की डेटा गेला.

हा प्रश्न जुनाच आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. त्यात प्रत्येक कमांडचं पान एकाच साच्यातलं: नाव, चालवायची कशी, करते काय, आणि माहीत असलेले बग्जसुद्धा! साचा ठरलेला असला की नजर बरोबर जागेवर जाते.

पुढे कमांड्सचे पर्याय वाढले, पानं फुगली. मग २०१३ मध्ये टीएलडीआर पेजेस हा ओपन सोर्स प्रकल्प आला. तिथे कमांडची थोडक्यात ओळख आणि मग थेट उदाहरणं, जास्तीत जास्त आठ. बाकीचे पर्याय कुठे गेले? कुठेच नाही, ते मॅन पेजवर आहेतच. म्हणजे साधं पान म्हणजे माहिती कापणं नव्हे, तर ती योग्य जागी ठेवणं.

डॅनिएल प्रोसिडा यांची डायटॅक्सिस पद्धतही हेच सांगते. शिकवणारं पान, काम करून देणारं पान, संदर्भाचं पान आणि समजावणारं पान, हे चार वेगळे प्रकार आहेत. त्यांची खिचडी केली की वाचणारा हरवतो.

आता रोजच्या कामाचं. धोक्याची सूचना कमांडच्या आधी लिहा, कारण लोक कमांड दिसली की कॉपी करतात. उदाहरणार्थ, गिट क्लीनने उडवलेल्या, कधीच कमिट न केलेल्या फाइल्स गिटला परत आणता येत नाहीत. म्हणून आधी ड्राय रनची ओळ द्या, मग खरी. कमांडचा स्क्रीनशॉट टाकू नका, तो कॉपी होत नाही. आणि नवीन फीचरची माहिती लिहिताना जुन्याची काढून टाका.

शेवटी एक चाचणी. टीममध्ये नव्याने आलेल्या कोणाला तरी पान द्या आणि शेजारी गप्प बसा. जिथे तो अडखळेल, तिथे तुमचं पान दुरुस्त करा. भेटू पुढच्या भागात!