आईच्या नावाची विहीर

दादी गेल्यानंतर घरात येणारा पहिला रमजान जड जातो. पहाटे सहरीला सगळ्यांना उठवून, वाढून, स्वतः शेवटी घाईने दोन घास खाणारी तीच असते. आता तिच्यासाठी काय करायचं?

हाच प्रश्न मदिनेच्या हजरत साद बिन उबादा (रजि.) यांना पडला होता. आई वारली तेव्हा ते परगावी होते. तिच्या नावे कोणतं दान सर्वांत चांगलं, असं त्यांनी प्रेषितांना (स.) विचारलं. उत्तर मिळालं, पाणी. साद यांनी विहीर खोदली आणि ती ‘उम्मे साद’, म्हणजे सादच्या आईच्या नावे केली.

मृताच्या नावे असं पुण्य पोहोचवणं म्हणजे ‘इसाले सवाब’. बीडकरांना हे नवीन नाही. ओलं पोतं गुंडाळलेले पाणपोईचे रांजण आणि वर ‘यांच्या स्मरणार्थ’ ही पाटी इथे सर्वांनी पाहिली आहे. दुष्काळात टँकरमागे धावलेल्या या जिल्ह्यात पाण्याचं मोल कुणाला सांगायचं? ते हंडेही बहुतेक घरांत दादी-आजींनीच वाहिले.

तिच्यासाठी कुराणपठण होतंच. सोबत दारात एक रांजण भरून ठेवला, तर मगरिबच्या अजानला एखादा वाटसरू त्यातल्याच पाण्याने रोजा सोडेल.