निळवंती आणि तिचे विलायती गोत

डेल्फिनियम म्हटले की मराठी वाचकाच्या नजरेसमोर विलायती बियाण्यांचे रंगीत सूचिपत्र उभे राहते. परंतु याच गोत्रातील एक वनस्पती सह्याद्रीची स्वतःची आहे, निळवंती या नावाने ती ओळखली जाते, आणि पावसाळा सरून दिवाळीचा सुमार आला की डोंगरउतारावरील गवतात ती फुलू लागते, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असावी याची मला नेहमीच हळहळ वाटत आली आहे.

या कुळाचे नाव ग्रीक भाषेतले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायस्कोरिडीझ या वैद्याने आपल्या वनौषधींच्या ग्रंथात ‘डेल्फिनियन’ म्हणून जे नाव नोंदवले, तेच पुढे लिनियसने वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी कायम केले. आणि त्याचा संबंध डॉल्फिनशी, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतील शिशुमाराशी, आहे. उमललेले फूल पाहून हे साम्य कोणाच्याही ध्यानात येणार नाही. त्यासाठी मिटलेली कळी आडवी धरून पाहावी: पुढे फुगीर मस्तक, मध्ये किंचित बाक आलेली पाठ, आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी. ही शेपटी म्हणजे वरच्या निदलाची पोकळ नळी; तिच्या आत वरच्या दोन पाकळ्यांच्या नळ्या शिरलेल्या असतात आणि त्यांत मध साठतो, म्हणून लांब सोंडेच्या कीटकांनाच तो सुलभ होतो. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती पाच निळी दले वस्तुतः निदले होत.

कुळाची उर्वरित हकीकत थोडक्यात सांगतो. तीनशेहून अधिक जाती, बहुतेक उत्तर गोलार्धातील थंड मुलुखातल्या. त्यांपैकी ‘एलाटम’ या जातीपासून युरोपातील माळ्यांनी पुरुषभर उंचीचे तुरे निपजवले, आणि इंग्लंडात केल्वे व 1901 मध्ये स्थापन झालेली ब्लॅकमोर अँड लँगडन या रोपवाटिकांनी त्यांचा लौकिक वाढवला. आमच्या औरादच्या उन्हाळ्यात त्यांचा निभाव लागत नाही.

निळवंतीची गोष्ट निराळी. जुन्नरच्या बाजूस, नाणेघाटाच्या पठारावर मी तिला प्रथम पाहिले, तेव्हा गवत पिवळे पडू लागले होते आणि त्या पिवळेपणातून फिकट निळ्या फुलांचे सडपातळ तुरे वाऱ्याबरोबर एका अंगाला कलत होते. उद्यानातील संकरित जातींची दाटी या तुऱ्याला नाही. फुले विरळ, एकमेकांस जागा देऊन बसलेली. आणि माझ्या मते सौंदर्य याच विरळपणात अधिक आहे. पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी तिला आफ्रिकेतील ‘डॅसिकॉलॉन’ या जातीत गणले होते. पुढे तिचे वेगळेपण मान्य होऊन ‘मलबारिकम’ हे नाव तिला मिळाले. फुलोरा संपला की वरचा भाग सुकून जातो, मुळे मात्र जमिनीत टिकून राहतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते टाळणे मला अशक्य आहे. या फुलांतील रंगद्रव्याच्या गाभ्याला रसायनशास्त्रज्ञांनी ‘डेल्फिनिडिन’ म्हटले. परंतु तो डेल्फिनियमपुरता राहिला नाही. आमच्या अंगणातील कुंपणावर चढणाऱ्या गोकर्णीचा निळा रंग त्याच द्रव्याचे रूप आहे, आणि जांभळ्या वांग्याच्या सालीतही तेच आहे. याच कुळातील ‘झलील’ ही जात मात्र पिवळी. खुरासान आणि अफगाणिस्तानातून तिची वाळलेली फुले अस्बर्ग या नावाने हिंदुस्थानच्या बाजारात येत आणि त्यांनी रेशीम रंगवले जाई. बिदरला महमूद गवानच्या 1472 सालच्या मदरशासमोर उभे राहून त्या भिंतीवरील उरलेल्या निळ्या फरश्या पाहताना मला इराणी मुलुखाशी असलेले दख्खनचे हे जुने दळणवळण हटकून आठवते.

ज्यांना घरी हे गोत वाढवायचे असेल त्यांनी लार्कस्पर या वार्षिक भावंडाची निवड करावी. थंडी पडू लागताच बी थेट वाफ्यात पेरावे, कारण सोटमूळ दुखावल्यास रोप स्थलांतर सहसा सोसत नाही. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून वाफा उंच करून त्यात वाळू व शेणखत मिसळावे. फुले माघ-फाल्गुनात लागतात. संपूर्ण कुळ विषारी आहे, बी तर विशेषच, तेव्हा मुले व गुरे यांच्यापासून ते दूर ठेवावे.

निळवंतीचे रोप मात्र कोणी मुळासकट उपटून घरी आणू नये. सह्याद्रीबाहेर तिला दुसरे घर नाही. पाहावयाची असेल तर या दिवाळीत डोंगरावर जावे, फुलोरा डोळे भरून पाहावा, आणि बी पडेपर्यंत त्या उतारावरचे गवत कापू नये, जाळू नये, असे वाडीतल्या मंडळींना आवर्जून सांगून यावे.